केळकरकाकांचा कॅसोवरी

आमच्या नॉएडाच्या सोसायटीबाहेर सांड समोर आला की माणसं पळतात. केळकरकाका पळत नाहीत. भाजीची पिशवी छातीशी धरतात, सांडावर नजर ठेवतात आणि हळूहळू उलटे चालत दुधाच्या बूथमागे जातात. "पाठ दाखवायची नाही," हे त्यांचं तत्त्व. एकदा उभ्या स्कूटरलाही त्यांनी हाच मान दिला.

हे वेड ऑस्ट्रेलियाहून आलं. निवृत्त झाल्यावर काका दिल्लीतल्या सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून इथे फ्लॅटमध्ये आले आणि कॉम्प्युटरवाल्या मुलानं काका-काकूंना तिकडे बोलावलं. तिथल्या घनदाट जंगलात काकांना कॅसोवरी दिसला. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा पक्षी. उडता येत नाही, पण एका लाथेत पोट फाडतो. लोक तिथे वर्षानुवर्षं हिंडतात आणि त्यांना त्याचं पीसही दिसत नाही. असं काका सांगतात. फोटो नाही, कारण कॅमेरा गाडीत राहिला.

मग काय, आमची सोसायटी सोडते होय? "अच्छा, शुतुरमुर्ग," म्हणून शेजारचे शर्माजी त्याचं शहामृग करून टाकायचे. काका वैतागून काकूंकडे बघायचे. काकू चहा टाकायला उठायच्या. खरं सांगू, मलाही ती थापच वाटायला लागली होती. काकांना ते फार लागायचं. हल्ली तर ते गोष्ट अर्ध्यावरच सोडून द्यायचे.

गणपतीत आमच्या मंडळानं काकांचं भाषण ठेवलं. गोष्टीतला पक्षी झाडीतून बाहेर आला, तेवढ्यात शर्माजी "शुतुरमुर्ग" म्हणाले आणि हशा झाला. काका चष्मा काढून पुसत बसले. मला राहवेना. मी माईक काकूंपुढे धरला. "काकू, तुम्ही पाहिलात ना पक्षी?"

"नाही पाहिला."

काकांनी मान खाली घातली.

"कसा दिसणार? वाट अरुंद, हे पुढे, मी मागे. लग्न झाल्यापासून हे असेच चालतात, मी येतेय की नाही तेसुद्धा बघत नाहीत. त्या दिवशी मात्र एकदम थांबले आणि उलटे चालत माझ्यापाशी आले. हात पसरून मला झाकून उभे राहिले. हलू नकोस म्हणाले. मला यांची पाठ तेवढी दिसली." काकूंनी काकांकडे पाहिलं. "पक्षी नाही पाहिला मी. पण यांना माझी काळजी आहे, हे ऑस्ट्रेलियाला जाऊन पाहिलं."

"भाभीजी क्या बोलीं?" धड मराठी न कळणारे शर्माजी मला विचारत होते. माईक बाजूला धरून मी डोळे पुसले. मी नुसताच हात हलवला.