दोन डोंगरांपलीकडची स्टेन

मेश्राम हवालदारांसोबत कोणी सिनेमाला जाऊ नये. पडद्यावर हीरो या डोंगरावरून त्या डोंगरावर स्टेनगन चालवत होता, माणसं पटापट पडत होती, आणि हवालदार खुर्चीवर उभे! "अबे, इतक्या दूर स्टेन जाते काय? रायफल हाय काय ते?" मागून शिट्ट्या, पुढून "बसा ना गा काका!" शेवटी डोअरकीपर बॅटरी घेऊन आला आणि त्यानं आम्हा सगळ्यांनाच बाहेर काढलं. इंटरव्हलसुद्धा झाला नव्हता हो! नंदनवन वस्तीत घरी येईपर्यंत आमचे हे तिकिटाच्या पैशांवरून धुसफुसत होते.

हवालदार आमचे शेजारी. पलटणीतून पेन्शनीवर आलेले, मागेपुढे कोणी नाही. आमच्याकडे जेवायला बसले आणि मी वरणाच्या पळीनं भात वाढला की खेकसायचे, "काहून तसं करून राहिल्या, वहिनी? काम पाहून हत्यार!" मग सुरू. "रायफल दूरच्यासाठी. स्टेन जवळच्यासाठी. खंदकात उडी मारली, घरात शिरलो, झाडीत समोरासमोर गाठ पडली, तं स्टेन. नाई तं डायवरले, वायरलेसवाल्याले, ज्याले लांब बंदूक सांभाळता येत नाई त्याले." आणि लगेच ताट बाजूला सारून, "पण दगाबाज! आपटली का सुटते!" तिच्या जागी आलेली नवी कार्बाइन बरी निघाली, एवढं कुरकुरत मान्य करायचे.

तो राग कुठला, ते गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या पार्बताबाईंचा मुलगा रामदास त्यांच्याच तुकडीत होता. पासष्टच्या लढाईत आघाडीवर जाताना त्यानं ट्रकमधून उडी मारली, स्टेन फळीवर आपटली आणि सुटली. त्याची गोळी त्यालाच लागली. हे फक्त म्हातारीला माहीत नाही, असं आम्ही समजत होतो.

कारण हवालदार दर रविवारी तिच्या अंगणात बसून वेगळंच सांगायचे. एकदा मी कोथिंबिरीची सांबारवडी द्यायला गेले, तर कानावर आलं, "माय, रामदासनं स्टेन रोखली अन् त्या डोंगरावरचा बंकर साफ! मंग त्याच्या मागचा डोंगर!" मी पदर तोंडात कोंबला. आमचं तिकीट फुकट घालवणारा माणूस तो हाच!

पुढे चौकात लढाईत कामी आलेल्या पोरांच्या नावांचा दगड बसवायचं ठरलं. वस्तीतल्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, रामदासचं नाव घालता येत नाही, तो शत्रूच्या गोळीनं गेला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवालदार तर गरजलेच, "हत्यार सरकारनं देल्लं, गाडी सरकारची, ड्युटी सरकारची, अन् मरण तेवढं त्याच्या घरचं काय?"

सेक्रेटरींनी हेका सोडला नाही. वर रविवारी पार्बताबाईंनाच उद्घाटनाचं बोलावणं करायला आले! मी तिथंच तांदूळ निवडत होते. हवालदारांच्या गोष्टीतला रामदास नुकता डोंगर चढायला लागला होता. ते मध्येच थांबून म्हणाले, "नाव टाकता का नाई?" तो गृहस्थ भर अंगणात ओरडला, "किती वेळा सांगू? पोरगा स्वतःच्याच बंदुकीनं मेला! दगडावर काय अपघात कोरू?"

हवालदार उठले आणि अनवाणीच निघून गेले. सेक्रेटरीला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. फाटकाबाहेर घालवलं मेल्याला. वळले तर पार्बताबाई माझं सूप पुढं ओढून खडे वेचत होत्या.

"मले माहीत हाय वं. पलटणीतला एक जण तवाच सांगून गेला होता."

"मग इतकी वर्षं काहून ऐकत बसता?"

"माह्या पोराले शेवटी मांडीवर या हवालदारानंच घेतलं. कोन हाय त्याले? इथं येऊन तेवढं बोलते, मंग दोन घास खाते."

माझा संताप कुठल्या कुठे गेला, मी ढसाढसा रडले.

दगड बसला, रामदासचं नाव नव्हतंच. उद्घाटनाला आमच्या घरचं कोणी गेलं नाही. पण अंगणातल्या त्या रविवारनंतर हवालदारांचं दार उघडेना. मी ताट नेलं, हाका मारल्या, ताट तसंच परत आणलं. शेवटी पार्बताबाई काठी टेकत आल्या. कडी वाजवली.

"बाबू, माहा रामदास डोंगरावर अर्ध्यातच राह्यला ना. चाल, वर ने त्याले."

मग आतून कडी निघाली.