विलायती नागीण

त्या रविवारी दुपारी समाधानने फक्त टीव्ही बंद केला. एवढंच. नाशिकजवळच्या मखमलाबादमधल्या त्या घरात टीव्ही रोज कुणी ना कुणी बंद करतच असे. पण बाकीचे पिक्चर संपल्यावर करत. समाधानने तो ऐन मारामारीत केला, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

"का रे सम्या? लाइट गेली का?" त्याच्या आई नवसाबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर झेंडूचा ढीग होता, हातात सुई-दोरा, आणि नजर रिकाम्या पडद्यावर.

"लाइट आहे, आई. हा पिक्चर चोरीचा आहे."

"चोरीचाच तर हाय. आत्ता कुठं पोलीस आला होता!"

समाधानने कपाळाला हात लावला. तो नुकताच विलायतेत कायदा शिकून परतला होता. तोही साधासुधा नव्हे, कॉपीराइटचा. (निम्म्या नातेवाइकांची समजूत अशी की हा झेरॉक्सच्या दुकानाचा कोर्स असावा.) पण तिकडून येताना एक गोष्ट त्याने मनाशी पक्की बांधून आणली होती: गाण्यामागे, पिक्चरमागे माणसं राबतात. त्यांची मेहनत फुकट उचलणं म्हणजे दुसऱ्याच्या मळ्यातली फुलं न विचारता तोडणं. आणि ज्या घरात कुणी बांधावरचा एक गुलाब खुडला तर समाधानचे वडील कोंडाजीआबा संध्याकाळपर्यंत त्या चोराच्या सात पिढ्या उद्धरत, त्याच घरात दर रविवारी आख्खा पिक्चर खुडला जात होता!

पिक्चर येई चिमाजीच्या केबलवर. थिएटरात कुणीतरी कॅमेरा लपवून काढलेला; मधूनच पुढच्या रांगेतला माणूस उठून हिरोच्या तोंडावरून चालत जाई, आणि हिरॉइन रडायला लागली की कुणीतरी खोकत असे. नवसाबाईंना तो खोकणारा घरचा वाटू लागला होता. "आज जरा बरं हाय त्याला," असं त्या अधूनमधून म्हणत.

समाधान तडक चिमाजीच्या केबल ऑफिसात गेला. चिमाजी म्हणजे आबांचा जुना दोस्त, मिशा पिळदार, गळ्यात कायम वायरचं वेटोळं.

"काका, हे पिक्चर दाखवणं गुन्हा आहे. पोलीस मशीन उचलून नेतील."

"मग रविवारी काय दाखवू, वकीलसाहेब? मुंग्या?"

"जे तुमचं स्वतःचं आहे ते दाखवा ना! आपल्या माणसांनी केलेलं, आपल्या मातीतलं!" समाधानच्या आवाजाला धार चढली. "ज्यानं निर्माण केलं, त्याचा हक्क. हे तत्त्व एकदा रुजू द्या, मग बघा!"

चिमाजीने मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे मी शूटिंग केलेलं, ते माझं?"

"अर्थात!"

"बघा हां. नंतर बदलायचं नाय."

"तत्त्व बदलत नाही, काका."

समाधान शीळ घालत घरी आला. आनंदाला आणखी एक कारण होतं. एकलहऱ्याच्या दीपमालाशी त्याचं लग्न जवळपास ठरत आलं होतं. बघण्याच्या दिवशी तिने एकच प्रश्न विचारला होता, "तिकडे एकटं वाटलं का हो?" आणि याने छाती काढून सांगितलं होतं, "छे! मी मनाने खंबीर आहे." त्याला ती फार आवडली होती. अडलं होतं ते, त्याच्या समजुतीने, तिच्या वडिलांच्या होकारावर. सहादूराव वीजकेंद्रात नोकरीला. आयुष्यभर काटे आणि डायल बघून चेहराही तसाच झालेला. "मला गंभीर माणूस पाहिजे," एवढं बोलून ते विचार करायला गेले होते.

पुढच्या रविवारी समाधान मळ्यात असताना आईची हाक आली.

"सम्या, पळ! तू लागलाय!"

"कुठे लागलोय?"

"टीव्हीवर!"

तो चिखलाच्या पायांनी आत धावला. पडद्यावर त्याच्या बहिणीची, छायाची हळद होती. समाधान विलायतेला निघाला त्याच्या आदल्याच आठवड्यातली. आणि मधोमध खुद्द समाधान, आईचं हिरवं लुगडं डोक्याला गुंडाळून, नागीण होऊन जमिनीवर सरपटत होता. समोर नवे जावई तोंडात रुमाल धरून पुंगी वाजवत होते. नागिणीने फणा काढला, एका मावशीला दंश केला, झेंडूच्या क्रेटांत शिरली आणि दुसऱ्या बाजूने माळा घालून बाहेर पडली. इथवरही ठीक होतं. पण मग नागीण ढोलकीवाल्याच्या गळ्यात पडली आणि हंबरडा फोडून म्हणाली, "आई गं, मला नाही जायचं विलायतेला!"

"किती गोड रडलाय," नवसाबाईंनी डोळे पुसले.

समाधान तसाच चिमाजीकडे पळाला.

"काका, ही आमची घरगुती गोष्ट आहे! प्रायव्हसी म्हणून काही असतं की नाही?"

"हळदीला गावजेवण होतं, साहेब. ज्यांनी तवा बघितलं, त्यांनीच आज बघितलं. नवीन कोण हाय?"

"पण आमच्या परवानगीशिवाय..."

"शूटिंग कुणी केलं?"

"तुम्ही."

"आबांनी मला सांगितलं होतं का, पैसे दिले होते का? आहेर होता तो माझा! लोक ताट-वाटी देतात, मी शूटिंग दिलं. मग मालक कोण?"

समाधानने मनातल्या मनात सगळी पुस्तकं चाळली. आबांनी सांगून, पैसे मोजून काम करून घेतलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण आहेर! विलायतेतल्या एकाही प्राध्यापकाने आहेर शिकवला नव्हता.

"तुम्ही," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

एक दिलासा होता. चिमाजीची वायर गावाबाहेर जात नव्हती, आणि एकलहरे पार नाशिकच्या दुसऱ्या टोकाला. हा दिलासा नाशकातल्या रविवार कारंजा चौकापर्यंत टिकला. तिथे फुटपाथवर सीड्यांच्या ढिगात त्याला स्वतःचा फणा दिसला. वर लाल अक्षरांत छापलं होतं: 'विलायती नागीण'. कुणीतरी केबलवरून रेकॉर्ड करून घेतलं होतं.

"ही पायरेटेड आहे!" तो ओरडला.

"मग! ओरिजिनल परवडतंय कुणाला?" विक्रेता म्हणाला, आणि त्याच्याकडे निरखून बघू लागला. समाधानने तोंडाला रुमाल बांधला.

आता त्याच्याइतका कॉपीराइटचा कट्टर सैनिक नाशिक जिल्ह्यात नव्हता. पण तक्रार करायची तर मालकाने. तो चिमाजीच्या हातापाया पडला.

"काका, तुमचा हक्क लुटला जातोय! उठा!"

"लुटू द्या की. शेवटी माझं नाव येतंय, मोबाइल नंबर येतोय. सातपूरहून लग्नाच्या ऑर्डरी आल्यात. कुणी विचारलं तर म्हणतात, नागिणीवालेच ना तुम्ही?"

त्याच संध्याकाळी सहादूरावांचा फोन आला. "रविवारी येतोय. बोलायचंय." फोन ठेवला.

समाधानने त्या आठवड्यात जेवण टाकलं. आबा म्हणाले, "नाही म्हणायला एवढ्या लांब कोण येतं?" नवसाबाई म्हणाल्या, "सभ्य माणसं येतात." आणि सहादूराव फारच सभ्य होते.

रविवारी सहादूराव आले, सोबत दीपमाला. पाणी झालं, पोहे झाले. मग सहादूरावांनी पिशवीतून सीडी काढून टीपॉयवर ठेवली. दीपमाला जमिनीकडे बघत होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की काय, समाधानला कळेना.

"हे तुम्हीच?" सहादूरावांनी विचारलं.

"हो."

"आमच्या कॅन्टीनमध्ये फिरत होती. तुम्ही तर म्हणाला होता, मनाने खंबीर आहात."

कायदा, तत्त्व, प्रायव्हसी, सगळं समाधानच्या घशाशी आलं आणि तिथूनच परत गेलं. "नाही हो," तो म्हणाला. "पहिला हिवाळा तर मी रडूनच काढला. आईला फोनवर सर्दी झालीय म्हणून सांगायचो."

नवसाबाईंची सुई थांबली. दीपमालाने मान वर केली. ती रडत नव्हती, हसू दाबत होती. पण आता तेही थांबलं. "मग मी विचारलं तेव्हा हेच सांगायचं ना," ती हळूच म्हणाली. "मी हो म्हणायला इतके दिवस लावले नसते."

समाधानने सहादूरावांकडे पाहिलं.

"तिचं तिनं ठरवलंय, मी मधे येत नाही," सहादूराव म्हणाले. "माझं काम वेगळं आहे. तुम्ही त्या ढोलकीवाल्याच्या गळ्यात पडता आणि बरोबर तिथंच सीडी अडकते. धुतली, पुसली, तरी तेच. आमच्या घरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय." ते पुढे झुकले. "तुमच्याकडे ओरिजिनल आहे का?"

समाधानचे डोळे भरून आले. परतल्यापासून नाशकात पहिल्यांदाच कुणीतरी ओरिजिनल मागत होतं.

तो धावत जाऊन चिमाजीला घेऊन आला. चिमाजीने ओरिजिनल सीडी फडक्यातून सोडली आणि मिशी पिळत सगळ्यांना बजावलं, "बघा पाहिजे तितकं. पण कुणी कॉपी काढायची नाय. गुन्हा असतो तो."

अशा रीतीने त्या घरात पहिल्यांदाच एक पिक्चर पूर्ण कायदेशीरपणे लागणार होता. समाधान हळूच दीपमालाच्या शेजारच्या खुर्चीकडे सरकला, तेवढ्यात नवसाबाई म्हणाल्या,

"बसतो कुठं? तू लागायच्या आत चहा टाक. आम्हाला बघायचंय."