मॅनेजरच्या केबिनमधला सोफा

पिंपळगावची सहकारी बँक बुडाली तेव्हा ठेवीदारांच्या तोंडचं पाणी पळालं. मेडिकलवाल्या किशोरला मात्र आतून बरंच वाटलं. त्याची लहानशी ठेव विम्यातून परत मिळाली होतीच, पण खरं सुख निराळं होतं. आता धनराज त्या सोफ्यावर बसणार नव्हता!

धनराज त्याचा शेजारी, मोठा द्राक्षबागायतदार. तो बँकेत आला की मॅनेजर त्याला केबिनमधल्या लाल सोफ्यावर बसवून चहा पाजायचे. किशोर काउंटरला उभा राहून काचेतून बघायचा आणि जळून खाक व्हायचा. घरी आल्यावर बायकोला, मीनाला, ऐकवायचा, "सोफा काय त्याच्या बापाचा हाय?"

बँक मोडीत काढायला नेमलेल्या अवसायकांनी बँकेतच फर्निचरचा लिलाव ठेवला. "नाशिकला माल आणायला चाललो," अशी मीनाला थाप मारून किशोर तिथे पोचला. सोफा पुकारताच ओरडला, "दोन हजार!"

"तीन," मागून कुणीतरी म्हणालं. वळून बघतो तर लहानू टेम्पोवाला. धनराजची द्राक्षं हाच वाहायचा.

स्वतः यायची लाज वाटते, म्हणून माणूस पाठवतो काय! किशोरचं डोकं फिरलं. "पाच! कुणासाठी घेतो रे, लहानू?"

"सांगायचं नाय असं ठरलंय, भाऊ. कितीबी जाऊ दे, घेऊनच ये म्हणलेत. सहा!"

मग सोफा राहिला बाजूला. धनराजचा खिसा रिकामा करायचा, एवढंच किशोरच्या डोक्यात राहिलं. लहानूला अठरा हजारांपर्यंत चढवून त्याने बोली सोडली आणि मिसळ खाऊन खुशीत घरी आला.

हॉलमध्ये लाल सोफा होता. लहानू फडक्याने तो पुसत होता.

"अहो, बसा ना!" मीनाचा चेहरा फुलला होता. "भिशीचे सगळे पैसे घातले. तुम्हाला तिथं कधी कुणी बसवलं नाही. लई वाईट वाटायचं मला."

किशोर मटकन बसला.

"पाच-सहा हजारांत मिळाला असता हो. पण कुणी जळका मेला मुद्दाम भाव चढवत होता म्हणे. कोण होता, लहानूभाऊ?"

लहानूने फडकं खांद्यावर टाकलं. "सांगतो वहिनी. आधी भाडं."

"किती?" किशोरने घाईने विचारलं.

"दोन हजार."

बँक दोन गल्ल्या पलीकडे होती. किशोरने निमूट नोटा काढून दिल्या.

"तोंड काय नीट दिसलं नाय, वहिनी," लहानू म्हणाला. "पण माणूस चांगल्या घरचा वाटला."