पार्टेआप्पा आणि भुंग्याचं पोट

माणसं भेटली की एकमेकांना "काय, बरं आहे ना?" विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातात. आमचे शेजारी पार्टेआप्पा "आज कसं झालं?" असं विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत.

काय कसं झालं, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. बँकेत नव्याने आलेल्या मॅनेजरांनी एकदा भाबडेपणाने "आज जरा गर्दी होती" असं सांगितलं. आप्पांनी सहानुभूतीने मान हलवली आणि गर्दी झाली की घाई करायची नाय, सावकाश बसायचं, असा सल्ला दिला. मॅनेजर अजून तो सल्ला पाळतात, असं रांगेतल्या लोकांचं म्हणणं आहे.

आप्पांनी चौतीस वर्षं गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून काढली. डॉक्टर आले, बदलून गेले, आप्पा तिथेच. ढोराला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या शेणाकडे बघावं लागतं, आणि माणसाला बोलता येतं, म्हणून तर त्याच्यावर मुळीच विश्वास ठेवू नये, असं त्यांचं शास्त्र. "आधी शेण दाखवा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी स्कूटर आठवडाभर चालू होईना, तेव्हा मी पुढे बसून प्लग पुसत होतो. आप्पा मागे जाऊन धुराच्या नळकांड्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पुढनं काय बघता, भाऊसाहेब? मागनं बघा." नळकांड्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

भाऊसाहेब म्हणजे मी. ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. पोलादपूर तालुक्यातल्या प्रत्येक गावात किती संडास मंजूर झाले ते मला अजून पाठ आहे. आमच्याच गल्लीत काय चाललंय ते मात्र बायको सांगते तेव्हा कळतं. आप्पांना औषधं पाठ आहेत, पण सगळी म्हशीच्या मापात. कुणालाही काही झालं की ते म्हशीपासून सुरू करतात आणि भागत भागत माणसापर्यंत येतात. मालतीला, म्हणजे आमच्या हिला, पित्ताचा त्रास होतो असं कळल्यावर ते म्हणाले, म्हशीला पावशेर देतात, आणि मग तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत मनात भागाकार करू लागले. भागाकाराला जरा जास्तच वेळ लागला. मालती पाखडणं सोडून सूप घेऊन आत गेली, ती दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

असा हा माणूस. लग्न केलं नाही. आई होती, ती गेल्या वर्षी गेली. आता घरात एकटेच. आमच्या आणि त्यांच्या परसामध्ये एक दगडी गडगा आहे, त्याच्या खालचे दोन दगड कधीच निखळलेत. ते बसवून घ्यायचं काम नऊ वर्षं माझ्याकडे आहे.

गौरी-गणपतीला मी शिवथरला सासुरवाडीला गेलो होतो. येताना मेव्हण्याने चार काकड्या दिल्या आणि वर एक कुत्र्याचं पिल्लू दिलं. सासुरवाडीत नको म्हणायचं धैर्य मला कधीच झालेलं नाही. पिल्लू दोन महिन्यांचं, काळं कुळकुळीत, पोटाने गोल. मालतीने दारातच सांगितलं की हे तुमचं, त्याचं सगळं तुम्ही काढायचं. तिसऱ्या दिवशी तिने त्याचं नाव भुंग्या ठेवलं आणि चौथ्या दिवशी तिच्या जुन्या लुगड्याची घडी त्याच्या खोक्यात गेली.

आठवडा झकास गेला. मग एका दुपारी भुंग्याचं पोट बिघडलं आणि बिघडलेलंच राहिलं.

चमत्कारिक आजार होता. सकाळी पिल्लू बरं असायचं, शेपूट हलवायचं, माझी चप्पल खायचं. दुपारी तीनच्या पुढे सुरू व्हायचं ते रात्रीपर्यंत. मी म्हटलं, पाणी बाधलं. पाणी उकळून द्यायला लागलो. मालती म्हणाली, दृष्ट लागली. तिने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. भुंग्या पाच वेळा शिंकला आणि मग त्याने पुन्हा व्हायचं ते केलंच. आप्पांनी डाळिंबाची साल उगाळून आणली. म्हशीला ओंजळभर, तर ह्याला नखाएवढी. ती त्याने खाल्ली, आणि पुन्हा तेच.

आता एक कबुली. रोज सकाळी मी भुंग्याला चहात बुडवलेलं बिस्कीट चोरून देत होतो. मला वाटलं, हा सगळा माझाच पराक्रम. मी गुपचूप बिस्कीट बंद केलं. फरक शून्य. गुन्हा माझा नव्हता याचा आनंद मानावा, तर पिल्लाच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या. आणि बिस्किटाचं आता कुणाला सांगताही येईना.

शेवटी महाडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण, पण आप्पांच्याच पंथाच्या निघाल्या. जंताचं औषध दिलं, दूध बंद करायला सांगितलं, मऊ पेज आणि मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी नमुना आणा म्हणाल्या. नमुना भरायचं काम आप्पांनी अत्यंत आपुलकीने केलं. स्वच्छ डबी कुठली? घरात होता पेढ्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा. आत डबी, वर डबा, वर दोरा. महाडच्या स्टँडवर उतरलो तर माझे जुने विस्तार अधिकारी समोर. डब्याकडे बघून त्यांचा चेहरा खुलला. नातू झाला का, म्हणाले, आणि दोऱ्याला हात घातला. मी वरिष्ठांच्या हातातून आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी हिसकावून घेतलं आणि पळालो. माझ्याकडे पेढे देण्याइतकंही मन नाही, अशी बातमी त्यांनी पुढे पसरवल्याचं कळतं.

नमुना बघून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. जंत नाहीत, म्हणाल्या. काहीतरी तेलकट आणि गोड रोज पोटात जातंय, ते शोधा. एवढ्याशा जिवात पाणी असतं किती? अजून चार दिवस असंच राहिलं तर पिल्लू हातचं जाईल.

हे मी घरी येऊन सांगितलं. मालती भुंग्याला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजत बसली. आप्पा मात्र पेटले. आतापर्यंत ते रोज काडी घेऊन परसात उकिडवे बसतच होते. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून घेतला. पाच मिनिटांनी जाहीर केलं, "भोपळा हाय. रोज असतो, आज पन हाय. आणि उडीद."

भोपळा आणि उडीद! भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा चालू, घरोघर पितरांचा स्वयंपाक. आज ह्यांच्याकडे तिथी, उद्या त्यांच्याकडे. वडे, खीर, भोपळ्याची भाजी नाही असं घर गल्लीत सापडायचं नाही. आप्पांनी दारोदार चौकशी लावली. कोण घालतं कुत्र्याला? बायांनी पदराआड हसून घेतलं. जाधवकाकी तेवढ्या फटकळ, त्या म्हणाल्या, "आप्पा, आमच्यात तिथी एकदाच झाली. तुमच्याकडनं तर रोज वड्यांचा वास येतो. आधी तुमचं बघा की."

आप्पा थबकले. "माझ्या पानाला कुत्रं शिवत नाय," म्हणाले, आणि पुढच्या घरी गेले.

मला तेव्हाच काही सुचायला हवं होतं. सुचलं नाही. सबंध गल्ली संशयित असताना कुणावर लक्ष ठेवायचं, याचाच गोंधळ. मग मी ठरवलं की माणसं सोडून द्यायची, कुत्र्यावर पाळत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळपासून नहाणीत स्टुलावर चढून खिडकीच्या जाळीला डोळा लावला. मालतीने दोनदा दार वाजवून मला काय झालंय ते विचारलं. आप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं.

बारा वाजता आप्पांचं मागलं दार उघडलं. आंघोळ करून, ओला पंचा नेसून आप्पा बाहेर आले. हातात केळीचं पान. ते त्यांनी धुण्याच्या दगडावर ठेवलं, भोवती पाणी फिरवलं, हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि मागे न बघता आत गेले. दार लावून घेतलं. शेवग्यावर दोन कावळे बसले होते. त्यांनी मान वाकडी करून दगडाकडे पाहिलं. ते उतरायच्या आत गडग्याच्या भगदाडातून भुंग्या बाहेर पडला, आमंत्रण असल्यासारखा चालत पानापाशी गेला, आणि आधी वडा, मग भोपळा, मग खीर अशा रीतीने जेवला. कावळे वरून ओरडत राहिले. भुंग्या पान चाटून घरी परतला.

थोड्या वेळाने आप्पांनी दार उघडलं. रिकामं पान बघितलं. पान हातात घेऊन ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले. रडत नव्हते, हसतही नव्हते. मला त्या चेहऱ्याचा काही अर्थ लागेना.

मालतीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते जनाभावोजींचं पान. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. आप्पांचा धाकटा भाऊ जना मुंबईला गावकीच्या सामायिक खोलीत राहून कामाला जायचा. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी खोलीतून बाहेर पडला, तो परत आला नाही. खोलीवर नाही, गावी नाही, कुठेच नाही. आई होती तोवर तिने कुणाला त्याचं पान वाढू दिलं नाही. ती गेल्यावर भावकीने आप्पांना धरलं, की आता पुरे, त्याला मोकळं करा. पण तिथी कोणती धरायची? भटजी म्हणाले, सर्वपित्रीला वाढा, कावळा शिवला की तो गेला असं धरा. आप्पा म्हणाले, एका दिवसाच्या भरवशावर कशाला, पंधराही दिवस वाढतो. कौलांवर चढायला गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पान दगडावर. आणि रोज पान रिकामं होत होतं.

नऊ वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो. माझं आज कसं झालं, हे त्या माणसाला रोज माहीत होतं. मी त्यांना साधं भावंडं किती, एवढंही विचारलं नव्हतं.

भुंग्या वाचला, हे आताच सांगून टाकतो, कारण शेवटचं सांगताना मला तो आठवणार नाही. सध्या तो माझी दुसरी चप्पल खातो आहे.

मी माझ्या पद्धतीने एक योजना आखली. कुत्र्याला बांधायचं, आप्पांना काही सांगायचं नाही, कावळे आपलं काम करतील. कागदावर माझ्या योजना नेहमीच उत्तम असतात. दुसऱ्या दिवशी साडेअकराला भुंग्याला नहाणीत बांधलं. बारा वाजता गडग्यावरून वड्यांचा वास आला आणि त्या मरतुकड्या पिल्लाने असा टाहो फोडला की पान ठेवून आत गेलेले आप्पा तसेच ओलेत्याने आमच्या मागल्या दारात येऊन उभे राहिले.

का बांधलं, म्हणाले. मी म्हटलं, ऊन लागतं त्याला. आप्पांनी वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं होतं.

"पोटात कळ आली की जनावर अंग चोरून पडतं, भाऊसाहेब. हा तर खायला मागतोय." ते बोलता बोलता थांबले. वास त्यांच्याच दगडावरून येत होता. त्यांची नजर गडग्यावर गेली, खालच्या भगदाडावर गेली. कडेच्या दगडाला काळे केस चिकटले होते.

मग मी सांगितलं. पान भुंग्या खातो, काल डोळ्यांनी पाहिलं. भगदाड आजच बुजवतो म्हटलं. त्याच ओघात, का कोण जाणे, बिस्किटांचंही सांगून टाकलं. ते त्यांनी ऐकलंच नाही.

आप्पा बोटं मोजत होते. "पयल्या दिवशी भोपळा सापडला. दुसऱ्या दिवशी पन. एक दिवस चुकला नाय ना?"

"नाही, आप्पा."

"म्हंजे सगळी पानं ह्यानंच खाल्ली."

मालती दारात येऊन उभी होती, ती म्हणाली, "आप्पा, लेकरू आहे ते. पाप धरू नका."

"पाप नाय वो, वयनी." आप्पांचा आवाज एकदम बारीक झाला. "कावळा शिवलाच नाय. एवढ्या दिवसांत एकदा पन नाय."

मला कळायला नेहमीप्रमाणे उशीर लागला. मालतीला आधी कळलं. तिने पदर तोंडाला लावला. तेवढ्यात शेवग्यावरचा कावळा गडग्यावर उतरला, तिथून धुण्याच्या दगडावर, आणि पानाच्या कडेशी उड्या मारू लागला. ते पाहिलं मात्र, आणि आप्पा धावले. गुडघ्यांनी अधू असलेला तो म्हातारा गडग्यावर ओणवा होऊन पलीकडे उतरला आणि खांद्यावरचा ओला टॉवेल गरागरा फिरवू लागला.

"हुश. नीघ. तुझं नाय ते," ते कावळ्याला म्हणाले. "त्याचा तो येल आणि जेवंल."

पान त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत नेलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून ताटावर ताट पालथं घातल्याचा आवाज आला, घरातलं कुणी उशिरा येणार असलं की येतो तसा.