आफ्रिकेहून आलेला विरूपण्णा शिंपी

आफ्रिकेत नऊ वर्षं काढून आलेला विरूपण्णा शिंपी मुडबीच्या गल्लीत बैल येताना दिसला, की जवळच्या कुणाच्याही ओसरीवर चढायचा. घर ओळखीचं असो, नसो. बैल पुढं जाईपर्यंत घरातल्यांची खुशाली विचारत उभा राहायचा आणि मग "येतो, अक्का" म्हणून खाली उतरायचा. आमची ओसरी कोपऱ्यावरची, त्यामुळं दिवसातनं दोनदा तरी तो आमच्याकडं यायचाच. नवी नवरी होते तेव्हा मला वाटलं, हा आमच्या मालकांच्या नात्यातलाच कुणीतरी असणार.

लोक हसायचे. दर्बानला राहिलेला माणूस आणि बैलाला भितो! तो शांतपणे सांगायचा, की ह्याच गल्लीत बैलानं दोघांना पाडलेलं त्यानं स्वतः बघितलंय. जे बघितलं त्याला भ्यावं. न बघितलेल्याला कामून भ्यायचं?

कुणी कसलीही भीती घातली, की मशीनवरचा पाय थांबवून तो दोनच प्रश्न विचारायचा. "बघितलंय कुनी? कवा?" बीदरच्या वाटेवर लुटारू आहेत म्हटल्यावर बघणारा माणूस निघाला. तेव्हापासून चार गाड्यांची सोबत जमल्याशिवाय विरूपण्णा त्या वाटेला जात नसे. चिंचेवरच्या हडळीला मात्र साक्षीदार मिळाला नाही. मग तो भर दुपारी त्याच चिंचेखाली पथारी टाकून घोरायचा.

त्याच्या आफ्रिकेनं गावाची फार निराशा केली होती. माणसं सिंहाची गोष्ट ऐकायला जमायची. सिंह बघितला होता म्हणे, पण पिंजऱ्यात, आणि तोही झोपलेला. मग भ्यायला तिथं काही नव्हतंच का? होतं की, तो म्हणायचा. एक ट्राम, एक समुद्राची लाट, आणि शनिवारी पगार झाल्यावर पिऊन येणारी माणसं. ह्यात कुणाला गोडी वाटणार? माणसं उठून जायची.

अशात माझी नणंद गोदू हिचं जहाजाचं तिकीट आलं. तिचा नवरा लहानपणापासून बापाबरोबर दर्बानलाच वाढलेला. लग्नापुरता गावी येऊन गेला होता आणि आता त्यानं बायकोला बोलावलं होतं. सासूबाईंनी तिकीट देव्हाऱ्यात ठेवलं आणि पोरीला पाठवणार न्हाई म्हणून सांगितलं. त्यांचे भाऊ, कोहिनूर गावचे मामा, मुद्दाम गाडी जुंपून आले. तिथं विहिरीच्या दोराएवढे साप घरात फिरतात आणि जहाजं निम्मी बुडतातच, असं त्यांनी ऐकलं होतं. गोदू चुलीपुढं बसून नुसतं ऐकत होती. तिला जायचं होतं. मला ठाऊक होतं, कारण रोज सकाळी माझ्याकडून ती नवऱ्याचं पत्र वाचून घ्यायची.

आमच्या मालकांनी विरूपण्णाला बोलावलं. त्यानं मामांचं सगळं ऐकून घेतलं आणि आपले दोन प्रश्न विचारले. मामांनी बीदरच्या जत्रेतल्या एका व्यापाऱ्याचं नाव सांगितलं. व्यापारी आफ्रिकेला गेला होता का? न्हाई, त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं. मामा तंबाखू मळायला लागले.

मग विरूपण्णानं खिशातला खडू काढला आणि काळ्या कापडाच्या तुकड्यावर इंग्रजी अक्षरं काढली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ही अक्षरं त्यानं चित्रासारखी पाठ केली होती. बागेतल्या ज्या बाकावर ही दिसतील तिथं बसायचं न्हाई, असं त्यानं गोदूला बजावलं. तो बाक गोऱ्यांचा. एकदा दमून तो बसला होता आणि शिपायानं कॉलर धरून उठवलं होतं. नऊ वर्षांत तिथं त्याला कुणी हात लावला असेल तर तेवढाच. हे त्यानं गावात कुणालाच सांगितलं नव्हतं.

सासूबाई तरीही ऐकेनात. तुमच्या घरची कुणी जायलीय का, म्हणून त्यांनी विचारलं.

विरूपण्णानं खडू खिशात ठेवला. "माझ्या बायकूला, लक्ष्मीला, म्या तिकीट धाडलं व्हतं, अक्का. तिच्या आईनं सिंव्हाच्या भ्यानं पाठविली न्हाई. हितं जपून ठेवली. त्याच साली पटकीच्या साथीत गेली."

सासूबाई उठल्या. त्यांनी देव्हाऱ्यातलं तिकीट काढलं आणि गोदूच्या हातात दिलं. पुढं गोदूचा संसार तिथंच झाला. चार लेकरं झाली आणि सिंह तिला कधी दिसला नाही.

निघायच्या दिवशी विरूपण्णा आमच्याबरोबर मोटारीनं गुलबर्ग्याला आला. सगळी वाट पुढच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसला होता. मालक गोदूला मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवणार होते, मी स्टेशनापुरती. फलाटावर त्यानं आपलं गाठोडं सोडलं. आत हिरवा लोकरी कोट होता. जहाजावर वारं लागतंय, म्हणाला. कोटाला कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास येत होता आणि घड्यांच्या जागी रंग उतरला होता.

गोदूनं तो चढवला. बाह्या चार बोटं लांब. गावात त्याच्या हातचं कापड कधी बोटभरही चुकलेलं नव्हतं, म्हणून आमचे मालक हसून म्हणाले, अण्णा, माप चुकलं की तुमचं.

"माप बराबर हाय," तो म्हणाला. "लक्ष्मीचं हाय."

टोपीतली सुई काढून तो तिथंच फलाटावर गुडघ्यावर बसला आणि बाही दुमडून शिवायला लागला. एक बाही झाली आणि गाडी आली. गोदू आत जाऊन बसली. तिनं दुसरा हात खिडकीतून बाहेर काढला, विरूपण्णा रुळाकडच्या कडेला जाऊन उभा राहिला आणि टाके घालत राहिला. शिट्टी झाली. मी त्याला मागं ओढायला गेले, तर त्यानं मान हलवून मला थांबवलं. शेवटच्या टाक्याला गाठ मारली, वाकून दातानं दोरा तोडला आणि बाहीवरून एकदा अंगठा फिरवून बघितला. मग त्यानं तो हात सोडला.