शेषरावाचा दम

एका जंगलात त्या दिवशी विशेष काही चाललेलं नव्हतं. शेषराव साळिंदर आणि त्याची बायको यमू कंद उकरत होती. म्हणजे यमू उकरत होती आणि कुठे उकरावं ते शेषराव सांगत होता. मुलांनो, तुमच्या घरी असं होत नसेल.

तेवढ्यात चांगुणा शेळी लंगडत आली.

"यमूबाई, बातमी आणलीय! ढगमाथ्यावर कारवीला कळ्या धरल्यात. पंधरा दिवसांत अख्खा माथा जांभळा होणार बघा."

यमूच्या पंजातला कंद खाली पडला.

ढगमाथा हा नऊ जंगलांत नावाजलेला डोंगर. आणि कारवी फुलते सात वर्षांतून एकदा. मागच्या खेपेला यमूची पिल्लं लहान होती. त्याच्या मागच्या खेपेला यमूच लहान होती.

"अहो, या वेळी जायचं हं," ती म्हणाली.

"जायचं म्हणजे जायचंच," शेषराव म्हणाला. आणि त्याला खरोखरच जायचं होतं.

पण बातमी गव्याच्याही कानावर गेली. गवा मोठा जबाबदार प्राणी. सगळं जंगल डोंगरावर लोटलं आणि कुणाला धाप लागून काही झालं, तर? त्याने त्याच दुपारी ढगमाथा आरोग्य समिती काढली आणि दवंडी पिटवली, की तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र असल्याशिवाय कुणीही डोंगर चढू नये. समितीतलं कुणीच आजवर ढगमाथ्यावर गेलेलं नव्हतं. त्यामुळे तिथले धोके त्यांना अगदी स्पष्ट दिसत होते.

परीक्षा सोपी होती. वारुळावर धावत चढायचं आणि समितीच्या सगळ्या सभासदांची नावं हुद्द्यांसकट एका दमात म्हणायची. दम तुटला की नापास.

यमू चढली. तिने सगळी नावं म्हटली आणि उरलेल्या दमात "अहो, सावकाश या" असंही म्हटलं. ती पास झाली.

मग शेषराव चढला. "अध्यक्ष गवासाहेब, उपाध्यक्ष रानडुक्करराव, चिटणीस घोरपडताई..." इथे त्याचे काटे खुळखुळायला लागले. चौथं नाव आलंच नाही.

"हरकत नाही," गवा म्हणाला. "पुढच्या आठवड्यात या."

शेषरावाने हुप्पे सर नावाच्या वानराची शिकवणी लावली. कंद बंद झाले. कोवळा पाला सुरू झाला. पहाटेपासून वारूळ.

"पोट आत! काटे सैल!" हुप्पे सर झाडावरून ओरडत. "डोंगर डोक्यातून काढून टाका! फक्त वारूळ बघा!"

दुसऱ्या आठवड्यात शेषराव सात नावांपर्यंत पोचला. पण तोवर नावं अठरा झाली होती. कारण जे नापास होत, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये म्हणून गवा त्यांना समितीवर घेत असे. शेषरावालाही त्याने विचारलं होतं.

"नको," शेषराव ताठ मानेने म्हणाला. "मी पास होऊनच वर जाणार."

तिसऱ्या आठवड्यात चांगुणा पुन्हा आली. तोंडात कारवीची जांभळी डहाळी होती.

"तू चढलीस?" शेषराव वारुळावरूनच ओरडला. "आणि प्रमाणपत्र?"

"मी कुठे चढले? मी चरायला गेले होते," चांगुणा चघळत म्हणाली. "दर चार पावलांवर बसते. पाय दुखतो ना. बसलं की खातेही. यमूबाई, चला की उद्या."

यमूने वर पाहिलं. "अहो, जाऊ का मी हिच्याबरोबर?"

"जा की," शेषराव म्हणाला. "आमचं काय, आम्ही आहोतच इथे वारुळावर."

मुलांनो, याला परवानगी म्हणत नाहीत. यमूला ते ठाऊक होतं.

"राहू दे," ती म्हणाली. "बरोबरच जाऊ." निदान डहाळी तरी जवळून बघावी म्हणून ती पुढे झाली, तोवर चांगुणाने ती खाऊन टाकली होती.

सातव्या आठवड्यात शेषरावाने एकतीस नावं एका दमात म्हटली. वारुळाभोवती टाळ्यांचा कडकडाट झाला. हुप्पे सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. गव्याने प्रमाणपत्र दिलं. सागाच्या पानावर, सहीशिक्क्यासह.

"वारूळ रोज चाळीस वेळा चढलात," घरी येताना यमू म्हणाली. "एवढ्यात ढगमाथा दोनदा झाला असता."

"तयारी वेगळी आणि डोंगर वेगळा," शेषराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. पायथ्याशीच चांगुणा भेटली. ती खाली येत होती.

"संपलं हो," ती म्हणाली. "आता नुसत्या काड्या उरल्यात."

शेषरावाने हातातलं सागाचं पान नीट गुंडाळलं. मग म्हणाला, "सात वर्षं आहेत. तोवर अजून तब्येत कमावू."

"बरं," यमू म्हणाली. आणि परत फिरता फिरता तिने एकदा वर पाहिलं.

सहाव्या पावसाळ्यात यमू गेली. दोनच दिवस तिला बरं नव्हतं.

सातव्या वर्षी कारवी फुलली. समिती तोवर मोडली होती. सगळं जंगल तिच्यात आलं आणि परीक्षा द्यायला कुणी उरलं नाही. चांगुणा शेषरावाच्या बिळाशी आली. आता ती दोन पायांनी लंगडत होती.

"येताय का वर?"

"मला दम लागतो," शेषराव म्हणाला.

"लागू दे की. बसत बसत जाऊ."

शेषराव बिळाबाहेर आला. चार पावलं चालला. बसला. प्रमाणपत्राचं सागाचं पान अजून बिळाच्या भिंतीला होतं, त्याची जाळी झाली होती. तो बराच वेळ बसून राहिला. चांगुणा आजूबाजूचं गवत खात थांबली, आणि मग एकटीच वर गेली.

तात्पर्य : पूर्ण तंदुरुस्त झाल्याशिवाय मोठ्या डोंगराच्या वाटेला जाऊ नये. दम लागतो, वाटेत बसावं लागतं, आणि बसलं की शेजारी बसलेल्याशी बोलावं लागतं. शेषरावाने हे सगळं टाळलं. यमूला फुललेला माथा दाखवायचा तेवढा राहिला.