बॅचसाठी चार माणसं

"शिकवणारा माणूस बघून ठेवलाय, साहेब," असं आप्पासाहेब मॅनेजरांना ठणकावून सांगून आले आणि केबिनबाहेर पडताच त्यांना घाम फुटला. माणूस कुठला, त्यांनी अजून चौकशीसुद्धा केली नव्हती.

वाळूजच्या त्या कारखान्यात आप्पासाहेब ट्रेनिंग विभागाचे प्रमुख होते. हाताखाली एकटी सत्यभामा. नव्या कामगारांसाठी ती सुरक्षिततेचे तक्ते रंगवायची आणि आप्पासाहेब ते छडीने दाखवायचे. सगळं सुखात चाललं होतं. तेवढ्यात मालकांनी मुंबईहून एक कॉम्प्युटर पाठवला आणि सोबत पडद्यावरचे धडे तयार करायच्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्या. हुकूम असा की सत्यभामेला ते कुणाकडून तरी शिकवून घ्यायचं आणि सोमवारी मालकांपुढे धडा हजर करायचा. नाही जमलं तर विभाग बंद, आणि आप्पासाहेब पुन्हा शिफ्टला. शिफ्टचं नावही त्यांना नको असायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शिफ्टच्या बसमध्ये पेंगत काढली होती.

शिकवणारा खरं तर पुण्याहून यायचा होता. पण विद्यापीठाच्या नामांतराचं आंदोलन ऐन भरात होतं. आज बंद, उद्या मोर्चा. "तुमचं गाव शांत झालं की येतो," म्हणून त्याने फोन ठेवला.

"औरंगपुऱ्यात फकिरा सरांचा कॉम्प्युटरचा क्लास हाय," सत्यभामा म्हणाली. "मी इचारून बघू का?"

"तू कशाला? त्याला वजनदार माणूस लागतो."

वजनदार माणसाने सफारी चढवली, फ्लॉप्यांचा डबा काखेत मारला आणि क्लास गाठला. आदल्याच दिवशी नामांतराच्या मोर्च्यात घोषणा देऊन फकिरा सरांचा घसा पार बसला होता. तोंडातून नुसती हवा यायची. समोरचा बोलत नाही म्हटल्यावर आप्पासाहेबांना मोकळं रान मिळालं. आपल्याला काही येत नाही हे दिसू नये, ही त्यांची जुनी काळजी.

"ह्ये सॉफ्टवेअर म्हंजी लई नामी चीज, सर. आमच्या वाळूजला रोज ह्येच चालतं. मला तर तोंडपाठ हाय. फकस्त आमच्या पोरीचं ट्रेनिंग तुमच्या हितं व्हावं, येवढंच."

सरांनी आदराने मान डोलावली, चार बोटं दाखवली आणि कसंबसं कुजबुजले, "रविवारी... बॅच चार माणसांची." त्याहून कमी माणसांसाठी ते एसीची खोली उघडत नसत.

चार माणसं आणायची कुठून? सत्यभामा एक, आप्पासाहेब स्वतः दोन. तिसऱ्या त्यांच्या पत्नी, राजाबाई.

"मी वं? कॉम्प्युटर?"

"नुसतं बसायचं. गार वारा लागतो तिथं."

चौथा करमाडचा मेव्हणा कडूबा. तो शेरडं शेजाऱ्याच्या गळ्यात मारून खांद्यावरच्या घोंगडीसकट आला. "दाजी, तुमचा शब्द मोडवला नाय म्हणून आलो. पण परीक्षा असंल तर आताच सांगा."

चपला बाहेर काढून चौघं आत बसली. सरांनी फ्लॉप्या घालून कॉम्प्युटर चालू करून दिला आणि हात जोडून बाजूला उभे राहिले. आप्पासाहेबांनीही हात जोडले. सर आप्पासाहेबांकडे बघत राहिले, आप्पासाहेब सरांकडे.

"घसा अजून मोकळा व्हईना जणू," आप्पासाहेब हळूच म्हणाले आणि त्यांनी सरांसाठी आल्याचा चहा मागवला. सरांना वाटलं, साहेबांना सुरुवातीला चहा लागतो. म्हणून त्यांनीही एक फेरी मागवली. पाहुण्याला 'आता सुरू करा' म्हणायचं कसं, हा सरांचा पेच. गुरुजींना घाई करायची कशी, हा आप्पासाहेबांचा. मग हळदीचं दूध आलं, पानं आली.

कंटाळून सत्यभामा एकटीच माऊस फिरवत बसली होती. इथं दाबून बघ, तिथं दाबून बघ. पडद्यावर चित्र काढता येतंय हे कळल्यावर तर तिने मान वरच केली नाही.

"कडूबामामा, चालू मशीनमंदी हात घालावा का?"

घोंगडीत कुडकुडणारा कडूबा उखडला. "खुळी का काय? हात गेल्यावर शेरडं काय पायानं वळू?"

सत्यभामेने तेही पडद्यावर टिपून घेतलं.

शेवटी राजाबाईंचा धीर सुटला. "मास्तर, शिकवणार कवा? माझा सैपाक पडलाय."

सर गडबडले. सगळी हवा एकवटून म्हणाले, "वहिनी, मी साहेबांचीच वाट बघतोय! त्यांनाच तोंडपाठ हाय ना? मी तर ह्ये आजच बघतोय."

आप्पासाहेबांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सोमवार, मालक, शिफ्टची बस, सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"मला थोडं जमलंय," सत्यभामा म्हणाली.

सोमवारी मालकांनी स्वतः धडा सोडवायला घेतला. चुकीचं उत्तर दाबताच पडद्यावर घोंगडीवाला माणूस उगवला आणि त्याने मालकांनाच विचारलं, हात गेल्यावर शेरडं काय पायानं वळू? मालक डोळ्यांतून पाणी येईतो हसले.

"वा! आप्पासाहेब, पुन्हा पहिल्यापासून लावा बरं."

आप्पासाहेब धीराने पुढे झाले आणि त्यांनी बटण दाबलं. डोक्यावरचा पंखा सुरू झाला.

मालकांनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा सत्यभामेकडे. "आजपासून विभागाच्या प्रमुख सत्यभामाबाई. आप्पासाहेब त्यांच्या हाताखाली."

"म्हंजी शिफ्ट नाय ना, साहेब?"

"नाही."

प्रमुखपद गेल्याचं दुःख आप्पासाहेबांना व्हायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर ते मनातून हरखले होते. मालक गेल्यावर सत्यभामेने नव्या अधिकारातला पहिला निर्णय घेतला. हाताखालच्या माणसाचं ट्रेनिंग उद्याच सुरू!

संध्याकाळी आप्पासाहेब छाती काढून घरात शिरले.

"काय झालं वं?" राजाबाईंनी काळजीने विचारलं.

"ट्रेनिंगला निवड झाली माझी. सगळ्या विभागातून एकट्याची."

"आगं बाई! शिकवणार कोण?"

"विभागप्रमुख सोता."

राजाबाईंनी कौतुकाने शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला.